‘ता.’ कोण ते कळलंय. चरित्रात लिहू का?

तळ्याकाठी

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, पण थोडक्यात मांडला तर नेमकं तेच गळून जाईल, म्हणून सविस्तर लिहिते.

मी ठाण्यात चरईत राहते. कनिष्ठ महाविद्यालयात ३१ वर्षं मराठी शिकवलं, निवृत्त झाल्यापासून चरित्रं लिहिते. दोन छोटी झाली, हे तिसरं. गेली ६ वर्षं एका विनोदी लेखकावर काम चाललंय. त्यांचं नाव इथे देत नाही, का ते पुढे कळेलच. १४ पुस्तकं, दिवाळी अंकांतले शंभरेक लेख, आकाशवाणीसाठी लिहिलेल्या श्रुतिका असा त्यांचा पसारा. साठीच्या पुढच्या वाचकांना ते आठवतील, पुढच्या पिढीला नाही.

चाळीसच्या दशकात त्यांनी गिरगावातली चाळ सोडून ठाण्याला नौपाड्यात बिऱ्हाड केलं. मुंबईच्या गोंगाटात लिहिणं होत नाही, मासुंदा तळ्याकाठी निवांत वाटतं, असं त्यांनी स्वतःच दोन लेखांत लिहून ठेवलंय. मीही पहिल्या खर्ड्यात विश्वासाने तेच उतरवलं.

गेल्या पावसाळ्यात त्यांच्या कन्येने मला एक पत्र्याची ट्रंक दिली. त्या ८३ वर्षांच्या, नेरूळला असतात. मी त्यांना माई म्हणते. नौपाड्यातली इमारत पुनर्विकासाला गेली तेव्हापासून ट्रंक त्यांच्या माळ्यावर पडून होती. आत कात्रणं, मुद्रितं, छत्रीची एक मूठ आणि खाली लाल कापडी बांधणीच्या हिशेबाच्या वह्या. १९४६ ते १९६१ पर्यंतच्या. पत्र मात्र एकही नाही. त्यांनी पत्रं फाडून टाकली असावीत असं मला आधीपासून वाटत होतं, पण हिशेब कोण फाडतं? दूध, वाणी, शाळेची फी, शाई, कागद. आणि दर रविवारी एक ओळ:

‘ता. – टांगा जा-ये, केळी ६, खोबरेल.’

कधी केळ्यांच्या जागी मोसंबी, थंडीत शेंगदाण्याचे लाडू. पंधरा वर्षांत रविवार चुकलेले मी मोजले, १९ निघाले. १९५७ च्या एप्रिलपासून वहीत आण्यांच्या जागी नवे पैसे येतात, ‘ता.’ची ओळ मात्र तशीच. या सगळ्यात फक्त तीन ओळी अशा आहेत की ज्यांच्यापुढे रक्कम नाही. एक १९४९ ची: ‘ता.ने ओळखलं.’ दुसरी १९५२ ची: ‘ओळखलं नाही. केळी खाल्ली.’ तिसरीही १९५२ ची, दोन महिन्यांनंतरची: ‘केस कापलेत.’

१९६१ च्या ऑगस्टात एका गुरुवारी ‘ता. – लाकडं, मडकं, चौघांचा चहा’. त्यानंतर चार रविवार टांग्याचा खर्च पडतच राहतो. नुसता टांगा, केळी नाहीत. मग तोही थांबतो.

‘ता.’ कोण हे शेवटच्या वहीच्या पुठ्ठ्यात सापडलं. ठाण्याच्या मनोरुग्णालयाचा भेटीचा पास. नाव असलेला कोपरा कसरीने खाल्लाय, पण ‘नाते’ या शब्दापुढे त्यांच्याच वळणदार अक्षरात ‘भाऊ’ लिहिलेलं आहे. म्हणजे ‘ता.’ ही ताई. त्यांना बहीण होती हे मला ठाऊक होतं. ती लग्नानंतर लवकर देवीच्या साथीत गेली असं त्यांच्या आठवणींत आहे, घरातही सगळ्यांना तसंच सांगितलेलं.

आता माझी अडचण. मी १४ पुस्तकं हातात पेन्सिल घेऊन पुन्हा वाचली. त्यांच्या पिढीच्या विनोदात ‘याला ठाण्याला पाठवा’ हे वाक्य ठरलेलं होतं. इस्पितळ इथे १९०१ पासूनचं, त्यामुळे उभ्या महाराष्ट्रात आमच्या गावाचं नाव त्याच्याशी जोडलं गेलं. हा माणूस ठाण्यात राहून ठाण्यावर लिहितो, डासांवर, टांगेवाल्यांवर, ८.१२ च्या लोकलवर लिहितो, आणि ते वाक्य एकदाही लिहीत नाही. वेड्याचं सोंग नाही, वेडाचा विनोद नाही. एका श्रुतिकेचा टंकलिखित खर्डा ट्रंकेत मिळाला. त्यात कुणीतरी नेमकं तेच वाक्य पात्राच्या तोंडी घातलेलं. त्यावर लाल शाईची रेघ आणि समासात: ‘हे नको. दुसरं देतो.’

ही रेघ पाहिली त्या रात्री मला झोप आली नाही. वीस वर्षं त्यांना वर्गात शिकवताना मी म्हणत आले की त्यांचा विनोद ‘निर्विष’ आहे. निर्विष! किती सोपा शब्द वापरला मी.

माईंना सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘हे नको गं लिहूस. नातीचं ठरतंय. लोक घराण्यात आहे म्हणतील.’ मी बरं म्हणून निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला त्यांचाच फोन: ‘वहीत तिच्याबद्दल आणखी काय आहे?’

लिहावं का? लिहिलं तर किती? ज्यांनी चरित्रं लिहिलीत, मनापासून वाचलीत किंवा ज्यांच्या घरातल्या माणसावर कुणी लिहिलंय, त्यांनी कृपया सांगावं.

---

शाईचा डाग

ताई, लिहा. मी पंचवीस वर्षं ठाणे–सीएसटी प्रवासात चरित्रंच वाचत आलोय, आणि मराठीतल्या बऱ्याच चरित्रांबद्दल माझं गाऱ्हाणं एकच आहे: ती गौरव समितीने लिहिल्यासारखी वाटतात. माणूस जन्मतो, सत्कार होतो, मरतो. लक्ष्मीबाई टिळकांनी नवऱ्याचा राग, हट्ट, विसरभोळेपणा सगळं लिहिलं म्हणून रेव्हरंड टिळक आज आपल्याला दिसतात. त्याने त्यांची उंची कमी झाली का? उलट त्यांच्या कवितेकडे आपण जास्त मायेने बघतो.

तुमची ‘ता.’ वाचून मला डिकन्स आठवला. त्याने १८६० साली गॅड्स हिलच्या घरामागे आलेल्या पत्रांची होळी केली. मागे काही राहू नये म्हणून. पण १८६७ ची एक खिशातली डायरी अमेरिकेच्या दौऱ्यात हरवली आणि पुढे न्यूयॉर्कच्या ग्रंथालयात सापडली. त्यात नेली टर्नन या नटीसाठी, त्याच्या लपवलेल्या प्रेयसीसाठी, नुसतं ‘एन’ आहे. त्या एका अक्षरावरून अभ्यासकांनी त्याचा कुठला दिवस कुठे गेला हे जुळवलं. क्लेअर टोमॅलिनने १९९० मध्ये पुस्तक लिहिलं ते डिकन्सपेक्षा त्या बाईवर, जिला पुसून टाकलं होतं. पत्रं जाळणाऱ्याला खर्चाची आणि वेळेची टिपणं जाळायचं सुचत नाही, कारण त्यांत काही आहे असं त्याला वाटतच नाही.

दुसरं टोक कादंबरीकार नायपॉल. त्यांनी चरित्रकाराला सगळी कागदपत्रं खुली केली, बायकोच्या डायऱ्यांसकट, आणि त्या डायऱ्या त्यांनी स्वतः वाचलेल्याही नव्हत्या. २००८ मध्ये चरित्र आलं तेव्हा त्यांच्या क्रूरपणाने लोक हादरले. पण मला त्यात त्या बाईंचा आवाज ऐकू आला. नायपॉलनी दार बंद ठेवलं असतं तर त्या नुसत्या अर्पणपत्रिकेत राहिल्या असत्या.

तुमच्या लेखकाच्या बाबतीत तर लाज वाटावी असं काहीच नाही. पंधरा वर्षांत १९ रविवार!

---

पारसिकच्या पलीकडे

माझं मत वेगळं आहे आणि ते पुस्तकं वाचून झालेलं नाही.

माझे वडील लेखक होते. ते गेल्यावर आठ वर्षांनी त्यांचं चरित्र आलं. चरित्रकार चांगला माणूस होता, आमच्या घरी जेवलेला, आईच्या हातची आमटी मागून मागून खाल्लेला. त्याने जे लिहिलं ते खोटं नव्हतं. वडिलांचं एका बाईंशी असलेलं नातं, ११२ व्या पानावर, दीड परिच्छेदात. आईला ते ठाऊक होतं असं मला आज वाटतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि वाशीच्या भाजीबाजारात शेजारणीने ‘वाचलं हो’ म्हणणं वेगळं. आईने ते पुस्तक कपाटात कणा आत करून ठेवलं, नाव दिसू नये म्हणून. ती गेली तेव्हा ते तसंच होतं.

त्या दीड परिच्छेदाने वडिलांच्या एकाही कथेचा अर्थ बदलला नाही. माझा राग त्यावर आहे. तुमच्या बाबतीत अर्थ बदलतो, हे मान्य. पण माई जिवंत आहेत. त्यांचा नकार हा अडथळा समजू नका.

---

वाशी सेक्टर सतरा

कायद्याचं तेवढं सांगतो, बाकीचं तुम्ही ठरवा.

ट्रंक तुमच्या ताब्यात आहे म्हणून वहीतल्या ओळी छापायचा हक्क तुम्हाला मिळत नाही. कागद ज्याच्याकडे त्याच्याकडे, लेखनाचा हक्क लिहिणाऱ्याकडे आणि त्याच्यानंतर वारसांकडे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, आणि हयातीत न छापलेलं लेखन असेल तर ती ६० वर्षं छापल्यापासून मोजतात. म्हणजे ‘ता.ने ओळखलं’ हे दोन शब्द छापायचे तर सगळ्या वारसांची लेखी संमती घ्या. माई एकट्याच नसतील. माहिती मात्र कुणाच्या मालकीची नसते. बहीण होती, तो भेटायला जायचा, हे तुमच्या शब्दांत सांगायला हा कायदा आड येत नाही.

मृत व्यक्तीचीही बदनामी होऊ शकते, पण त्यासाठी ती जिवंत असती तर नावाला बट्टा लागला असता असा मजकूर आणि जवळच्या नातलगांना दुखवायचा हेतू, दोन्ही लागतं. आजारी असणं हा बट्टा आहे असं मी तरी कोर्टात म्हणणार नाही.

---

सिस्टरमावशी

मी अशा इस्पितळात नर्स म्हणून नोकरी केली. कुठल्या ते सांगत नाही. तुमचा धागा काल रात्री वाचला, आज दुपारी पुन्हा वाचला.

सगळे जण विचारताय लेखकाचं गुपित उघड करावं का. अहो, पण ते लेखकाचं गुपित आहे का? आजारी ती होती. केस तिचे कापले. पंधरा वर्षं तिथे ती राहिली. तिला कुणी विचारलं होतं का की तुला देवीने मारून टाकू का, म्हणून? आता तुम्ही ठरवणार की तिला पुस्तकात आणायचं की नाही, आणि तेही पुन्हा तिच्या भावाच्या विनोदाचा खुलासा म्हणून.

रागावू नका. तुम्ही मनापासून विचारताय म्हणून मीही मनापासून लिहितेय. तुमच्या अख्ख्या प्रश्नात तिचं नाव नाही. तुम्हाला माहीत नाही हे कळलं, पण ते शोधते असंही तुम्ही म्हटलं नाहीत.

माझ्या काळात भेटीच्या दिवशी बाकावर बसून वाट बघणाऱ्या बायका मी पाहिल्यात. पहिल्या वर्षी घरचे दर महिन्याला येतात, मग दिवाळीला, मग पत्ता बदललेला असतो आणि आमचं पत्र परत येतं. दर रविवारी येणारा भाऊ वॉर्डात सगळ्यांना माहीत असतो. इतर बायकाही त्याची वाट बघतात, त्यांनाही केळं मिळतं. सहा केळी एकटीसाठी नसणार, एवढं मी सांगू शकते. ‘केस कापलेत’ हेही मला कळतं. उवा झाल्या की कापायचे. तिच्या डोक्याला हात लावून त्यांनी खोबरेल लावलं असेल आणि त्या रविवारी हाताला केस लागले नसतील.

आणि एक. मी नोकरी कुठे करते हे सांगितलं की लग्नसमारंभात हमखास कुणीतरी हसायचं. तुमच्या लेखकाने ती एक ओळ खोडली याबद्दल मी त्यांचे आभार मानते.

आता कामाचं. इस्पितळाकडे जुने कागद मागायला जाऊ नका, मिळणार नाहीत आणि मिळूही नयेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवायची असते. पण तुमच्याकडे मृत्यूचा दिवस आहे. मृत्यूची नोंद त्या वेळच्या नगरपालिकेत झालेली असणार (महापालिका १९८२ ची), आणि जन्ममृत्यूच्या नोंदींतला उतारा कुणालाही फी भरून मागता येतो. १९६९ च्या कायद्याचं कलम १७ बघा. त्यात चांगली गोष्ट अशी की उताऱ्यात मृत्यूचं कारण लिहून देत नाहीत. नाव मिळेल, आजार नाही. मला ते बरोबर वाटतं.

---

तळ्याकाठी

सिस्टरमावशी, तुमचं वाचून मी संगणक बंद करून गच्चीत जाऊन उभी राहिले. रागावले नाही. तुम्ही म्हणता ते खरं आहे. मी ६ वर्षं त्यांच्या मागे आहे, त्यांच्या चपलेचा नंबर मला माहीत आहे, आणि तिच्याकडे मी ‘पुरावा’ म्हणून बघत होते.

पारसिककर, तुमच्या आईंचं कपाट डोळ्यांसमोरून जात नाही. यापुढे खाजगी असं काही लिहिण्याआधी मी स्वतःला ११२ वं पान विचारेन: याने एका तरी कथेचा अर्थ बदलतो का? बदलत नसेल तर ते टिपणवहीतच राहील.

शिकवण्याच्या दिवसांतली एक आठवण. वर्गात बालकवी शिकवताना मुलं हटकून विचारायची, बाई, त्यांनी जीव दिला का हो? ५ मे १९१८, भादली स्टेशनजवळ ते रेल्वेखाली सापडले. वय २७. मी तरुणपणी उत्साहाने त्यांच्या उदास कविता काढून ‘बघा’ म्हणायचे. एकदा एका मुलीने विचारलं, मग ‘आनंदी आनंद गडे’ कशाचा पुरावा? त्यानंतर मी ते सोडून दिलं. कवितेतून मरण शोधायचं आणि मरणातून कविता, हा गोल फिरतच राहतो. म्हणून त्या लाल रेघेबद्दलही मी जपून राहणार आहे. त्यांनी ती ओळ खोडली हे मला माहीत आहे. खोडताना मनात काय होतं हे मी लिहिणार नाही.

उद्या नोंदणी विभागात अर्ज देते.

---

शाईचा डाग

मीही माझं थोडं मागे घेतो. मी उत्साहात ‘लिहा’ म्हणून मोकळा झालो, तिच्या नावाचा विचार माझ्याही मनात आला नव्हता. विभावरी शिरूरकर हे नाव आठवलं. १९३३ मध्ये त्यांच्या कथा आल्या तेव्हा सगळे त्या नावामागच्या बाईला शोधत सुटले होते, कथांमधल्या मुलींचं दुःख राहिलं बाजूला. मालतीबाई बेडेकरांना ते टोपणनाव का घ्यावं लागलं हे त्या गदारोळानेच दाखवून दिलं. शोधणं चांगलं की वाईट हे कोण शोधतंय आणि कशासाठी त्यावर ठरतं, एवढं आता कळतंय. उतारा मिळाला तर कळवा.

---

तळ्याकाठी

तीन आठवड्यांनी लिहितेय. पहिल्यांदा ‘१९६१ चं रजिस्टर बांधणीला गेलंय’ असं उत्तर मिळालं, दुसऱ्या खेपेला तिथल्या एका बाईंनी स्वतः वर चढून काढून दिलं. फळ्यांवर धूळ इतकी की त्यांनी आधी ओढणी तोंडाला बांधली. गुरुवारची तारीख माझ्याकडे होती, पाचव्या नोंदीत ती सापडली. नाव, वय ५१, आडनाव सासरचं. राहण्याच्या ठिकाणी इस्पितळाचा पत्ता असेल असं धरून चालले होते. तिथे नौपाड्याचा पत्ता आहे, आमच्या लेखकाच्या घराचा, खोलीच्या क्रमांकासह.

उतारा घेऊन रविवारी दहा नंबरच्या फलाटावरून नेरूळ गाडी पकडली. माईंनी भिंग लावून वाचला. नाव दोनदा मोठ्याने म्हटलं. त्यांना ते माहीत नव्हतं, घरात ‘ती गेलेली आत्या’ एवढंच म्हणत. मग मी न विचारताच बोलायला लागल्या. रविवारी सकाळी बाबा घरी नसत, आई सांगायची तळ्यावर वाचत बसलेत. बराच वेळ खिडकीबाहेर बघून म्हणाल्या, ‘पण आई डबा भरून द्यायची गं. पितळेचा, दोन पुडांचा. तळ्यावर वाचायला दोन पुडांचा डबा कशाला लागतो?’

डबा आयता घरचा, म्हणून हिशेबात आला नाही. मी त्यांच्या पत्नीबद्दल दोन पानं लिहिली होती, ‘सुगरण आणि अबोल’. ती आता फाडायची आहेत.

ठरलं ते असं. नातीचं लग्न मार्गशीर्षात आहे, तोवर छापायचं काही बोलायचं नाही. माई त्यांच्या पुण्याच्या भावाला स्वतः सांगणार आहेत. तो हो म्हणाला तर दोघं सही करतील, नाही म्हणाला तर वहीतली एकही ओळ जाणार नाही, हे मी त्यांना लिहून दिलंय. तशा वेळी ठाण्याला येण्याचं ‘निवांतपणा’ हे कारणही मी छापणार नाही. खोटं आहे हे कळल्यावर ते माझ्या नावाने जाऊ देता येत नाही, ती जागा मोकळी राहील. आणि लिहायचं झालं तर ‘ता.’ लिहायचं नाही, पूर्ण नाव लिहायचं, ही अट माईंची.

सिस्टरमावशी, केळ्यांचं तुम्ही लिहिलंत ते मी त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी तुम्हाला विचारायला सांगितलंय की अशा ठिकाणी बायकांना विणकाम, भरतकाम वगैरे करू देत का, कारण ट्रंकेतला एक टेबलक्लॉथ कुणी विणला हे त्यांना लहानपणापासून कुणी सांगितलेलं नाही.

१९५२ ची वही त्यांनी ठेवून घेतली आहे. येत्या रविवारी आणायला जायचंय.